अक्राच्या व्यापाऱ्याला १२० दिवसांची उधारी द्यावी का? घानाचा ताप उतरल्यानंतरचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळूजला तुम्ही तीनचाकी आणि मोटरसायकलींचे सुटे भाग बनवता. अक्रातला एक घाऊक व्यापारी गेली तीन वर्षं आगाऊ पैसे पाठवून माल उचलतोय. आता तो म्हणतो, माल दुप्पट घेतो, पण १२० दिवसांची उधारी द्या आणि एलसीचं, म्हणजे बँकेच्या हमीपत्राचं, नाव काढू नका. तुम्ही घानाबद्दल वाचायला बसलात. एका बातमीत दिसलं की या देशाने २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. दुसरीत दिसलं की २०२५ मध्ये याच देशाचं चलन जगात सर्वाधिक वधारलेल्या चलनांत होतं. यातलं खरं कुठलं, आणि उधारी द्यावी की नाही?

दोन्ही खरं आहे. उधारी द्या, पण मागितली तेवढी नाही आणि मागितली तशीही नाही. निर्यातीच्या पतपुरवठ्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी पश्चिम आफ्रिकेच्या फायली चाळण्यात. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. घानाची पत सुधारली का, हे कुठलीही पतमापन संस्था सांगेल. तुमच्या गिऱ्हाइकाच्या गल्ल्यात सेडी (घानाचं चलन) कुठून येते, त्या सेडीचा डॉलर कोण करून देतं आणि हे दोन्ही किती दिवस टिकेल, हे मात्र तुम्हालाच शोधावं लागेल.

आधी पडझडीबद्दल, कारण ती नीट समजली नाही तर सुधारणाही समजत नाही.

घाना हा कर्जात नव्याने फसलेला देश नव्हे. २०२३ चा नाणेनिधीचा कार्यक्रम हा त्यांचा सतरावा. २००४ च्या सुमारास जुनी कर्जं मोठ्या प्रमाणावर माफ झाली. २००७ मध्ये समुद्रात तेल सापडलं आणि त्याच वर्षी देशाने ७५ कोटी डॉलरचे रोखे आंतरराष्ट्रीय बाजारात विकले. त्यानंतर अशा रोख्यांची सवयच लागली. निवडणूक आली की पगार आणि कंत्राटं वाढायची, तूट फुगायची, मग नवे रोखे काढून जुने फेडायचे. २०१७ ते २०१९ मध्ये डबघाईला आलेल्या बँका बंद करण्याचा खर्च सरकारच्या अंगावर आला. वापर असो वा नसो, पैसे भरावेच लागतील अशा करारांनी घेतलेली वीज होतीच. मग कोविड आला. २०१९ मध्ये साडेसहा टक्क्यांनी वाढणारी अर्थव्यवस्था २०२० मध्ये जेमतेम अर्ध्या टक्क्यावर आली, आणि ते निवडणुकीचंही वर्ष होतं.

२०२२ च्या सुरुवातीला पतमापन संस्थांनी दर्जा खाली ओढला आणि नवे रोखे कोणी घेईना. अर्थमंत्री केन ओफोरी-आट्टा त्या काळात ठासून सांगत होते की नाणेनिधीकडे जाणार नाही. त्यांनी मोबाइलवरून होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांवर दीड टक्का कर लावला. भाजीवालीपासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे मोबाइलवर पैसे फिरवतात अशा देशात हा कर किती अप्रिय झाला असेल, याचा अंदाज करा. १ जुलैला सरकार शेवटी नाणेनिधीच्या दारात गेलंच. तोवर उशीर झाला होता. वर्षाच्या आरंभी डॉलरला सहा सेडी पडत होत्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात चौदाच्या पुढे. डिसेंबरात महागाई ५४.१ टक्क्यांवर गेली आणि त्याच महिन्यात सरकारने बहुतेक परदेशी कर्जांचे हप्ते थांबवले. डॉलर वाचवायचे म्हणून मध्यवर्ती बँकेने काही वस्तूंच्या आयातीला चलन देणं बंद केलं. त्या यादीत तांदूळ, कोंबडी आणि फरशांबरोबर दात कोरायच्या काड्याही होत्या! काड्यांवर देशाचे किती डॉलर जात असतील देव जाणे, पण यादी वाचून घबराट कुठवर पोचली होती ते कळलं.

त्या वर्षातली माझी एक फाईल सांगतो. गिऱ्हाईक चांगलं होतं, नऊ वर्षांचा व्यवहार. मुदतीच्या दिवशी त्याने आपल्या बँकेत बिलाची पूर्ण रक्कम सेडीत भरली. भरल्याची पावती मला पाठवली. त्या दिवशी डॉलर आठ सेडींच्या आसपास होता. बँक म्हणाली, डॉलर आले की पाठवतो. डॉलर आले नाहीत. पाच महिने आम्ही रोज सकाळी तोच मेल पाठवायचो आणि रोज दुपारी तेच उत्तर यायचं. शेवटी बँक म्हणाली, आता भाव चौदा आहे, फरकाची रक्कम भरा. गिऱ्हाइकाने निम्मा फरक भरला आणि हात जोडले. त्याच्या जागी मी असतो तर तेवढाही भरला नसता. ‘गिऱ्हाईक प्रामाणिक आहे हो’ असं कोणी निर्यातदार म्हणाला, की तेव्हापासून मी मान डोलावतो आणि बँकेचं नाव विचारतो.

आता सुधारणेकडे येऊ. ती कोणाच्या खिशातून झाली ते आधी पाहा.

पहिली झळ घरच्यांना लागली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने देशांतर्गत रोखेधारकांना सांगितलं की जुने रोखे द्या, नवे घ्या. व्याज कमी, मुदत लांब. सुमारे ८३ अब्ज सेडींचे रोखे असे बदलले गेले. बँकांच्या ताळेबंदाला भगदाड पडलं, मध्यवर्ती बँकेने त्या वर्षी ६०.८ अब्ज सेडींचा तोटा दाखवला. आयुष्यभराची पुंजी सरकारी रोख्यांत ठेवलेले निवृत्त लोक अर्थमंत्रालयासमोर धरणं धरून बसले. त्यांच्यात माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो होत्या, हे चित्र मी विसरू शकत नाही. निवृत्त मंडळींना अखेर या अदलाबदलीतून वगळावं लागलं.

बाहेरच्यांची पाळी नंतर आली. मे २०२३ मध्ये नाणेनिधीने तीन वर्षांसाठी ३ अब्ज डॉलर मंजूर केले. चीन आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालच्या धनको देशांच्या समितीशी २०२४ मध्ये समझोता झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलरच्या आंतरराष्ट्रीय रोख्यांची पुनर्रचना झाली. बहुतेक धारकांनी मुद्दलावर ३७ टक्के पाणी सोडलं.

डिसेंबर २०२४ च्या निवडणुकीत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन महामा परत सत्तेवर आले. जाता जाता आधीच्या सरकारने जुनी सवय दाखवलीच. व्याज सोडून शिल्लक उरेल असं नाणेनिधीला कबूल केलेलं असताना त्या वर्षी प्रत्यक्षात मोठी तूट निघाली आणि कंत्राटदारांची बिलं थकली. नवे अर्थमंत्री कॅसिएल आटो फोर्सन यांनी पहिल्या वर्षी दोन गोष्टी केल्या. मोबाइल व्यवहारांवरचा तो कर रद्द केला आणि खर्चाला कात्री लावली. जुन्या बिलांची तपासणी लावली, अर्थमंत्रालयाच्या आगाऊ मंजुरीशिवाय नवी कंत्राटं देण्यावर बंधन आणलं. आकडे भराभर सुधारले. डिसेंबर २०२४ मध्ये २३.८ टक्के असलेली महागाई सप्टेंबर २०२५ मध्ये ९.४ वर आणि वर्षअखेरीस ५.४ वर आली. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर मार्चमध्ये २८ टक्के होता, नोव्हेंबरात १८. एप्रिलमध्ये डॉलरला साडेपंधरा सेडी पडत होत्या, मे संपताना सव्वादहाच्या आसपास.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबू, कारण तुमचं गिऱ्हाईक याच आकड्यात अडकलं असण्याची शक्यता आहे.

अक्रातल्या सुट्या भागांच्या बाजाराचं नाव अबोसी ओकाई. गल्ल्याच गल्ल्या, दुकानांबाहेर इंजिनं आणि गिअरबॉक्सचे ढीग, वर लटकलेल्या बंपरांच्या माळा. मे २०२५ मध्ये सेडी वधारली तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांवर भाव उतरवण्याचा दबाव आला आणि त्यांच्या संघटनेने भाव उतरवण्याची घोषणाही केली. आपल्याला वाटतं, चलन मजबूत झालं म्हणजे आयातदाराची चंगळ. पण हिशेब मांडून पाहा. दहा डॉलरची क्लच असेंब्ली त्याने एप्रिलमध्ये १५५ सेडींना घेतली, जकात आणि भाडं वेगळं. सहा आठवड्यांनी शेजारच्या दुकानदाराला तीच वस्तू १०३ सेडींना पडते. मग आपल्या माणसाने फळीवरचा माल कितीला विकायचा? जितका जास्त साठा तितका मोठा खड्डा. त्याने तर तुम्हाला आगाऊ पैसे दिले होते, म्हणजे जास्त सेडी मोजून महागातले डॉलर घेतले होते. ऐन सुधारणेच्या वर्षात त्याचं खेळतं भांडवल एक तृतीयांशाने आटलं असू शकतं. म्हणून तो आज उधारी मागत असेल तर त्यात लबाडी असेलच असं नाही. विचारा त्याला: एप्रिल २०२५ मध्ये गोदामात किती माल होता? खरा व्यापारी हा प्रश्न ऐकून सुस्कारा टाकेल आणि आकडा सांगेल.

दुसरं कारण व्याजाचं. सरकारी हुंड्यांवरचं व्याज संकटात ३५ टक्क्यांपर्यंत गेलं होतं, २०२५ च्या अखेरीस ते ११ च्या आसपास उतरलं. पण बँका दुकानदाराला त्या भावाने पैसे देत नाहीत. २०२५ मध्ये त्यांच्या कर्जांपैकी शंभरातली वीसेक बुडीत किंवा थकीत होती. ज्या बँकेचे हात रोख्यांत एकदा आणि कर्जांत एकदा पोळले, ती अबोसी ओकाईच्या दुकानदाराला कमी व्याजात पैसे का देईल? त्या वर्षअखेरीस त्याला वीस-पंचवीस टक्के व्याज पडत होतं, तेही तारण ठेवून. वर्षाला २४ टक्के धरले तर १२० दिवसांचे आठ टक्के होतात. म्हणजे तुमच्याकडून तो माल घेतोय आणि सोबत आठ टक्के किमतीचं कर्जही घेतोय. त्या कर्जाचं तुम्ही काय लावताय? बहुतेक निर्यातदार काहीच लावत नाहीत, आणि मग ‘घानाचा धंदा परवडत नाही’ म्हणतात.

आता मूळ प्रश्न. सेडी इतकी वधारली कशामुळे, आणि ते टिकेल का?

शिस्तीचा वाटा आहे, कर्जफेड हलकी झाली त्याचा आहे, डॉलर जगभर नरमला त्याचाही आहे. पण सिंहाचा वाटा सोन्याचा. घाना हा आफ्रिकेतला सर्वांत मोठा सोने उत्पादक. २०२४ मध्ये त्यांची सोन्याची निर्यात ११ अब्ज डॉलरच्या पुढे गेली, म्हणजे एकूण निर्यातीच्या निम्म्याहून जास्त. २०२५ मध्ये सोन्याचा भाव चढतच राहिला. त्यात एप्रिलमध्ये सरकारने गोल्डबोर्ड हे मंडळ काढलं. छोट्या खाणवाल्यांचं सोनं आता या मंडळाच्या मार्फतच विकत घेतलं जातं आणि बाहेर जातं. परदेशी व्यापाऱ्यांना स्थानिक सोनेबाजारातून १ मेपासून बाहेर काढलं. पूर्वी चोरवाटांनी बाहेर जाणाऱ्या सोन्याचा मोठा भाग त्यामुळे हिशेबात आला, त्याचे डॉलर मध्यवर्ती बँकेकडे आले आणि बँकेने ते बाजारात सोडले. आपल्याकडे लग्नसराईत सराफांकडे जाणाऱ्या सोन्यातही घानाचं सोनं असतं. भारत-घाना व्यापारात घानाकडून येणारी सर्वांत मोठी वस्तू तीच.

माझं मत विचाराल तर हा बंदोबस्त चांगला आहे, पण फुकट नाही. खाणवाल्याने माल चोरवाटेला लावू नये म्हणून त्याला चढा भाव द्यावा लागतो, आणि विकताना सूट आणि दलाली जाते. छोट्या खाणींच्या सोन्याच्या या व्यवहारांत २०२५ च्या पहिल्या नऊ महिन्यांत २० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाल्याचं नाणेनिधीने दाखवून दिलं. त्यावर घानात बरीच वादावादीही झाली. शिवाय छोट्या खाणींतलं बरंच सोनं बेकायदा उकरलेलं असतं. तिथे त्याला ‘गलामसे’ म्हणतात. प्रा, अंकोब्रा, ओफिन या नद्या त्याने चहाच्या रंगाच्या करून टाकल्या आहेत, पिण्याचं पाणी शुद्ध करणारी केंद्रं गाळाने बंद पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये याच विषयाच्या कार्यक्रमाला ओबुआसीकडे निघालेलं लष्करी हेलिकॉप्टर कोसळून संरक्षणमंत्री आणि पर्यावरणमंत्री दोघेही गेले. एका बाजूने सरकार गलामसेशी लढतंय, दुसऱ्या बाजूने सेडी त्याच सोन्यावर उभी आहे. ही ओढाताण सुटलेली नाही.

गलामसेचा दुसरा बळी कोको. ज्या जमिनीखाली सोनं, तिच्यावर कोकोची झाडं. २०२०-२१ च्या हंगामात दहा लाख टनांवर गेलेलं पीक २०२३-२४ मध्ये जवळपास निम्म्यावर आलं. झाडं सुजवणारा विषाणू, म्हातारी झाडं, बेभरवशाचा पाऊस, शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये चोरून जाणारा माल, हे सगळं त्यात आलं. जगात कोकोचा भाव डिसेंबर २०२४ मध्ये टनाला १२,००० डॉलरच्या पुढे गेला तेव्हा घानाच्या शेतकऱ्याला त्याचा थोडाच वाटा मिळाला, कारण सरकारी कोकोबोर्डने माल आधीच स्वस्तात विकून ठेवला होता आणि पीक नसल्याने तोही पुरवता आला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने शेतकऱ्याचा भाव टनाला ५८,००० सेडी केला, ६४ किलोच्या पोत्याला ३,६२५. ऐकायला भरघोस होता. पण सेडी महाग झाल्यामुळे वर्षअखेरीच्या विनिमय दराने हा भाव ५,३०० डॉलरच्या वर जात होता, आणि तोवर जागतिक भाव घसरत ६,००० च्या आसपास आला होता. मधल्या सहा-सातशे डॉलरांत वाहतूक, खरेदीदारांचं कमिशन, गोदाम आणि कोकोबोर्डची जुनी कर्जं हे सगळं कसं बसणार? तेव्हा शेतकऱ्याचे पैसे रखडणे किंवा भाव उतरवावा लागणे, यातलं एक काहीतरी तेव्हाच मला अटळ दिसत होतं.

तुमच्या सुट्या भागांशी कोकोचा काय संबंध म्हणाल? घानात तीनचाकीला लोक ‘प्राग्या’ म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच बजाजच्या, म्हणजे तुमच्याच परिसराशी नातं सांगणाऱ्या. शहरापेक्षा गावाकडच्या आणि निमशहरी रस्त्यांवर त्या जास्त. कोको विकला की गावात पैसा येतो, प्राग्यावाल्याला भाडी मिळतात, आणि मग तो पुढे ढकललेली दुरुस्ती करतो. कोकोपट्ट्यात मुख्य हंगामाचा पैसा साधारण ऑक्टोबर ते जानेवारी खेळतो. बोनो भागात, टेचिमान-वेन्ची-साम्पाकडे, काजूचा पैसा फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. (हा कच्चा काजू भारतात येतो आणि आफ्रिकी बियांचा मोठा हिस्सा आपल्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांतही फुटतो. सिंधुदुर्ग-गोव्याचा कोणी काजूवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडून घानाच्या हंगामाची बातमी तुम्हाला कुठल्याही अहवालाच्या आधी मिळेल.) म्हणून तुमचा माणूस माल कुठे पाठवतो हे विचारून घ्या. तो अक्रातच किरकोळ विकत असेल तर एक गणित, कुमासीच्या सुआमे मॅगझिनला पुरवत असेल तर दुसरं. सुआमे हे आफ्रिकेतल्या मोठ्या गॅरेज-वसाहतींपैकी एक, तिथे हजारो कारागीर गाड्या खोलून जोडत असतात. कुमासीचा पैसा हंगामावर हलतो. १२० दिवसांची मुदत पैशाच्या महिन्यात संपेल अशी बांधलीत तर ती ९० दिवसांसारखी वागते. जून-जुलैत संपली तर १६० दिवसांसारखी.

विजेवर दोन वाक्यांत उरकतो. तिथे ये-जा करणाऱ्या विजेला ‘दुमसोर’ असा खास शब्द आहे, त्यावरून काय ते समजा. वीज वितरण कंपनीची वसुली सुधारल्याशिवाय सरकारची तिजोरी गळतच राहणार, आणि २०२५ मध्ये त्यासाठी इंधनावर लिटरमागे एक सेडी कर लावावा लागला. तुमच्या धंद्यावर याचा थेट परिणाम फारसा नाही.

थेट परिणाम होईल तो २०२७-२८ चा. ही गोष्ट कर्जाच्या झळाळत्या आकड्यांमागे दडली आहे. २०२४ अखेर राष्ट्रीय उत्पन्नाच्या साठ टक्क्यांवर असलेलं सरकारी कर्ज ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४५ टक्क्यांच्या आसपास आल्याचं अर्थसंकल्पात सांगितलं गेलं. इतक्या वेगाने कर्ज कोणी फेडत नाही. परदेशी कर्ज डॉलरमध्ये आहे. सेडी वधारली की सेडीत मोजलेला आकडा आपोआप आकसतो. सेडी घसरली की तोच आकडा फुगेल. शिवाय २०२३ मध्ये घरच्या रोखेधारकांना जे नवे रोखे दिले, त्यांच्या परतफेडीचा पहिला मोठा ढीग २०२७ आणि २०२८ मध्ये येतो. नाणेनिधीचा कार्यक्रम २०२६ मध्येच संपतो. आणि डिसेंबर २०२८ मध्ये निवडणूक. पैसे फेडायचे ढीगभर, मास्तर वर्गाबाहेर गेलेला, आणि मतं मागायची वेळ, हे तिन्ही एकाच वेळी. सरकारने दरवर्षी व्याज सोडून राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड टक्का शिल्लक ठेवण्याचा नियम कायद्यात घातला आहे, परतफेडीसाठी पैसे बाजूला काढतो म्हणते. ते निभावलं तर घाना खरंच बदलला म्हणता येईल. मला आशा आहे. पण माझ्या सत्तावीस वर्षांत घानाच्या निवडणूक-वर्षावर पैज लावून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही, म्हणून २०२८ च्या मार्चनंतर मी स्वतः उघडी उधारी वाढवणार नाही, असलेली कमी करीन.

म्हणजे तुमच्यासमोर २०२८ च्या सुरुवातीपर्यंतची बरी खिडकी आहे. २०२४ मध्ये अर्थव्यवस्था ५.७ टक्क्यांनी वाढली, २०२५ मध्येही गती टिकली. परकीय चलनसाठा २०२५ च्या मध्यालाच ११ अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता, २०२२ च्या तुलनेत फार वेगळी परिस्थिती. बँकेत सेडी भरली आणि डॉलर मिळाले नाहीत, हा धोका आज कमी आहे. सोनं वीस-पंचवीस टक्क्यांनी पडलं तर तो वाढेल, आणि त्याची पहिली खूण वर्तमानपत्रात दिसणार नाही. तुमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेकडून रक्कम यायला पूर्वी तीन दिवस लागत आणि आता नऊ लागतात, ही ती खूण. प्रत्येक बिलासमोर दोन तारखा लिहा: त्याने सेडी भरल्याची आणि तुमच्या खात्यात डॉलर आल्याची. दोन्हींमधलं अंतर वाढायला लागलं की नवा कंटेनर थांबवा, मग कोणी कसलंही कारण सांगो.

आता तुमचा सौदा. माल दुप्पट आणि उधारी शून्यावरून १२०, ही उडी एकदम घेऊ नका. आधीएवढा माल आगाऊ पैशावरच चालू ठेवा, वाढीव मालावर उधारी द्या. म्हणजे वाईटात वाईट झालं तरी अर्धाच माल अडकतो, आणि जुन्या अर्ध्यावरचा नफा तुमची उशी होतो. सुरुवात ६० दिवसांनी, बिलाच्या तारखेपासून नव्हे तर माल जहाजावर चढल्याच्या तारखेपासून. न्हावाशेव्याहून घानाच्या टेमा बंदराला पोचायलाच कित्येक आठवडे जातात, त्यामुळे ६० दिवसांतले त्याच्या हातात विकायला फार उरणार नाहीत अशी तो तक्रार करील, आणि ती रास्त आहे. तीन खेपा वेळेवर आल्या की ९० करा. १२० वर जाऊच नका. किंमतपत्रकात दोन भाव लिहा, रोखीचा आणि उधारीचा, दोन्हींत निदान चार टक्क्यांचा फरक. त्याला स्थानिक बँकेपेक्षा तरीही तुम्ही स्वस्तच पडाल, आणि जो व्यापारी उधारीच्या भावाबद्दल अजिबात घासाघीस करत नाही त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

भाव डॉलरमध्येच ठेवा. सेडी मजबूत आहे तर सेडीत घ्या असं तो सुचवेल, हसून सोडून द्या. ईसीजीसीचं (निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी आपली सरकारी कंपनी) विमाकवच पहिल्या उधारीच्या खेपेपासून घ्या, पण त्याआधी पॉलिसीत दोन वेगळे धोके वाचून बघा: गिऱ्हाईक बुडालं तर, आणि गिऱ्हाइकाने भरूनही पैसे देशाबाहेर आले नाहीत तर. माझ्या त्या फाइलीत दुसरा होता. अशा दाव्यासाठी गिऱ्हाइकाने स्थानिक चलन वेळेवर भरल्याचा बँकेचा कागद लागतो. तो संकटात मागायला गेलात तर मिळत नाही, म्हणून पहिल्याच सौद्यात लिहून घ्या की मुदतीच्या दिवशी पैसे भरून पावतीची प्रत तो तुम्हाला पाठवील आणि विनिमय दरातला फरक त्याच्या माथी राहील. हुंडी त्याच्या बँकेमार्फत पाठवा, कागदपत्रं थेट त्याच्या हातात देऊ नका.

तो सरकारी खात्यांना किंवा सरकारी कंत्राटदारांना माल पुरवत असेल तर तेवढ्या मालाला उधारी नाही, कंत्राटदार त्याच्या नात्यातला असला तरी. थकलेल्या बिलांची तपासणी अजून लोकांना छळतेय.

आणि एकदा जाऊन या. मुंबईहून आदिस अबाबामार्गे अक्रा एका दिवसात होतं. अबोसी ओकाईत त्याच्या दुकानासमोर दोन तास नुसते उभे राहा, माल कोण उचलतं, रोख देतं की मोबाइलवर, की वहीत लिहून जातं, ते मोजा. वहीत लिहून जाणारे अर्ध्याहून जास्त निघाले तर ६० दिवसही जास्त होतात.